बीटाचा रस, गुळाचा चहा अन् मशीनचं पाणी: आशाताईंच्या प्रश्नांना उत्तर

ताई, बचत गटाच्या बैठकीत बाया मोबाइल पुढे करतात आणि "हे पेल्यानं खरंच फरक पडते का?" असं विचारतात, तेव्हा काय सांगावं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. यादी लांब आहे: रक्तासाठी बीटाचा रस, साखरेऐवजी गुळाचा चहा, शुगरसाठी कारलं-जांभळाची बाटली, उन्हासाठी टेट्रापॅक, फवारणीआधी दूध, आणि गावात येऊन गेलेला तो पाण्याच्या मशीनवाला. सगळ्यांचं उत्तर सारखं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. अशा पेयानं थेट कुणाचं वाईट झालं, असे पेशंट माझ्याकडे कमीच येतात. पेय सुरू झालं की घरात दुसरं काहीतरी गुपचूप बंद होतं, आणि घात तिथे होतो. लोहाची लाल गोळी डब्यात पडून राहते, शुगरची गोळी एकाआड एक दिवस होते, हगवण लागलेल्या पोराला ओआरएसऐवजी रंगीत पॅक मिळतो. त्यामुळे कुणी टेबलावर बाटली ठेवली की त्यात काय आहे हे मी नंतर बघतो. पहिला प्रश्न असतो, "ही घेतल्यापासून काय सोडलं?" तुम्हीही घरभेटीत हाच विचारा. पुढच्यावेळी बाई बाटली लपवणार नाही, कारण तुम्ही बाटलीला नावं ठेवलेली नसतात.

मशीनवाल्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा खेळ बघून अख्खी गल्ली गार झाली असं तुम्ही लिहिलंय. त्यानं दोन ग्लास घेतले. एकात तुमच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्या असलेलं यंत्र बुडवून बटण दाबलं. मिनिटाभरात विहिरीचं पाणी तपकिरी झालं, वर घाण फेस आला. मशीनचं पाणी जवळपास तसंच राहिलं. "ही घाण तुमची लेकरं पेतात," असं म्हणून त्यानं पावतीपुस्तक काढलं.

ती घाण पाण्यात नव्हतीच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते, आणि विरघळलेल्या लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. तपकिरी दिसला तो कांडीचा गंज. मशीनच्या पाण्यात क्षार फारसे उरलेले नसतात, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. पुढच्या वेळी तो आला तर त्याच्याच शुद्ध पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला लावा. तेही तसंच तपकिरी होईल. बायांसमोर एवढं करून दाखवलं तर व्याख्यान द्यायची गरज उरणार नाही.

पण याचा अर्थ मशीन सगळीकडेच फालतू आहे, असा घेऊ नका. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा तो भाग, दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या लोकांना विचारा. तिथलं भूजलच खारट, डाळ शिजत नाही, चहा फाटतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे सांधे आणि पाठ आखडते. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर थोडं दाटच होतं. अशा गावात आरओ कामाचं आहे, किंवा दुसरा स्रोत शोधायला हवा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, हे आकडे ५०० आणि २००० आहेत. म्हणजे तुमच्या विहिरीचा टीडीएस ४०० आला म्हणून एजंट डोळे मोठे करत असेल तर करू द्या.

टीडीएसचं ते पेनासारखं मीटर जंतू दाखवत नाही, हे मात्र बायांना नक्की सांगा. टीडीएस ५० आहे आणि पाण्यात काविळीचे विषाणू आहेत, असं होऊ शकतं. जंतूंसाठी आपल्याकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे, आणि पाण्यातलं क्लोरीन बघायची तुमच्या हातची ओटी टेस्ट आहे. घरच्या नळाला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम दिसलं तर ते पाणी जंतूंच्या बाबतीत ठीक. पावसाळ्यात जलसुरक्षक टीसीएल टाकायला विसरतो तेव्हा मशीनवाल्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या मागे लागणं जास्त गरजेचं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलेलं असतं. तुमच्या गावात ते किट कुणाच्या कपाटात आहे ते शोधा. फ्लोराइडचा संशय असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा. मशीन घ्यायचं की नाही हे त्या कागदावरून ठरवावं.

"अल्कलाइन पाण्यानं रक्तातलं आम्ल जातं, कॅन्सर होत नाही" हा त्याचा दुसरा मुद्दा. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान असतो, आणि तो तिथे ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात. तुम्ही कोणतंही पाणी प्या, ते आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. या दाव्यावर मी एवढंच लिहितो.

आता बीट. ताई, हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय निघाला. बाया म्हणतात, "लाल हाये तं रगत वाढवनच." बीटाचा लाल रंग बीटाच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा आहे, लोहाशी त्याचा काही संबंध नाही. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होते ती त्यामुळेच, घाबरून दवाखान्यात यायची गरज नाही. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमच्याही आत. दोन मोठ्या बीटांचा ग्लासभर रस काढला तरी दीड-दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीत बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. तुम्ही गरोदर बाईला देता त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. गोळी आपण फुकट देतो, आणि बाजारात बीट घ्यायला पैसे लागतात. हा हिशेब बैठकीत फळ्यावर मांडा.

बीट खाऊ नये असं नाही. भाजी, कोशिंबीर करून खावं, चांगलंच आहे. गोळीच्या जागी तेवढं नको.

गोळी का सोडतात तेही बघावं लागतं. मळमळ होते, संडास काळी होते, पोट गच्च होतं. संडास काळी होणं हे लोहामुळे आहे, त्यात धोका नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यायला सांगा. आणि इथे एक पेय खरंच कामाचं आहे: लिंबूपाणी. लिंबातलं क जीवनसत्त्व वनस्पतीतलं आणि गोळीतलं लोह शोषायला मदत करतं. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेड भागात तर संत्र्याला तोटा नाही, एक संत्रं सोलून खाल्लं तरी तेच काम होतं. चहा याच्या बरोबर उलटा. त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय ते यामुळे. आपल्याकडे निंदणाला जाणारी बाई सकाळी चहात पोळी बुडवून खाते आणि गोळीही त्याच चहासोबत गिळते. ती गोळी बरीचशी वाया जाते. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत नको, दोघींमध्ये अंतर ठेवा.

आणि रक्त वाढतच नाही अशी मुलगी असेल, सांधे दुखतात, डोळे पिवळे दिसतात, दर काही महिन्यांनी सलाईन लागते, तर बीटही सोडा आणि लोहाची गोळीही स्वतःच्या मनानं वाढवू नका. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, सगळीकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की तपासणी होईल. सिकलसेलच्या पेशंटचं दुखणं पाणी कमी पडलं की उसळतं, त्यामुळे त्याला भरपूर साधं पाणी हेच औषधासारखं आहे. गव्हांकुराच्या रसानं सिकलसेल जातो असा व्हिडिओ मलाही पाठवला होता एकानं. हा आजार जन्मापासून जनुकात असतो, रसानं तो जात नाही.

गुळाचा चहा. तालुक्याच्या प्रत्येक चौकात आता पाटी दिसते. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. १० ग्रॅम साखरेत ४० कॅलरी, १० ग्रॅम गुळात ३८ च्या आसपास. गुळात लोह असतं हे खरं, पण एका कपात पडणाऱ्या गुळात ते अर्धा मिलिग्रॅमही नाही, आणि तेही चहाच्या टॅनिनमध्ये. चव आवडते म्हणून प्या. शुगरवाल्या आजोबांना "गूळ चालतो" म्हणून दिवसाला पाच कप देणं मात्र बंद करा.

यावरून शुगरच्या बाटलीकडे येतो. कारल्यावर अभ्यास झालेत, काहींत साखर थोडी कमी झालेली दिसली, काहींत दिसली नाही. गोळी सोडता येईल असा भरवसा त्यातून मिळत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली बाटली मी मोठी करून बघितली. समोर मोठ्या अक्षरांत "शुगर मुळापासून", आणि मागे खालच्या ओळीत बारीक अक्षरांत, औषधी वापरासाठी नाही. हेल्थ सप्लिमेंटवर तसं छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे, म्हणून छापलेलं असतं. बाजूला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आहे. तो धंद्याच्या परवान्याचा नंबर. सरकारनं दावा तपासून मान्य केला, असा त्याचा अर्थ होत नाही, पण एजंट बोट त्या नंबरवरच ठेवतो. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे, यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे.

अशा बाटलीचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. गोळी सोडली तर शुगर चढते, आणि पायाची जखम चिघळून वास यायला लागेपर्यंत कळत नाही. गोळी चालू ठेवून वर उपाशीपोटी रस घेतला, आणि गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. तेव्हा रस घेणाऱ्याला निदान रोजची गोळी आणि तपासणीची तारीख सोडू नका म्हणा, आणि रस घेतो हे डॉक्टरला सांगायला लावा.

लवकीच्या, म्हणजे दुधीच्या रसाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. रस कडू लागला तर घोटभरही पिऊ नका. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस प्यायल्यानं मृत्यू झाला, त्यानंतर वैद्यक संशोधन परिषदेनं समिती नेमून हाच इशारा दिला. "कडू म्हणजे औषधी" या समजुतीनं लोक नाक दाबून पितात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उन्हाळ्याचं आता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ताक, कैरीचं पन्हं, आंबील, अंबाडीचं सरबत हे सगळं उत्तम. पाणी आहे, मीठ आहे, आणि माणूस ते आवडीनं जास्त पितो, यातच अर्धं काम होतं. पन्ह्यात गूळ-साखर बेतानं टाका. रक्तदाबाच्या माणसानं ताकात मीठ कमी घ्यावं. खिशातला कांदा आणि पन्हं असताना माणसाला उन्हाचा झटका येत नाही असं मात्र नाही. मजूर बडबडायला लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात काहीच ओतू नका. श्वासनलिकेत जाईल. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

टेट्रापॅकचा मुद्दा तुम्ही बरोबर पकडला. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट, एकूण २०.५ ग्रॅम. हे माप जागतिक आरोग्य संघटनेचं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. साखर जास्त झाली की उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि हगवण वाढते. मेडिकलमध्ये ओआरएससारखं नाव लावून विकले जाणारे गोड पॅक या मापात बसत नव्हते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी कित्येक वर्षं झगडा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. जुना माल कुठे दिसला तर तुम्हीच ओळखाल: पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, एवढं बघा.

या पाकिटाची किंमत कळावी म्हणून सांगतो. १९७१ मध्ये बांगलादेशाचे निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले, कॉलरा पसरला, सलाईन संपली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. आणि आपल्याकडे घराघरांत फुकट मिळालेलं पाकीट पडलेलं असताना बाप मोटरसायकलवर तालुक्याला जाऊन गोड पॅक आणतो.

पाकीट वापरतानाही गोंधळ होतो. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवतात, ते पोराला बाधतं. लहान पाकीट २०० मिलिलिटरचं येतं, मोठं लिटरचं, आधी वाचा. कालवलेलं २४ तासांनी फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. हगवण थांबली तरी ती पूर्ण करायची.

आठवडी बाजारात पोरं पितात ती वीस रुपयांची लाल बाटली सरबत नव्हे, कॅफीनचं पेय आहे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी नाही, असं तिच्यावरच छापलेलं असतं. शाळेत मुलांकडूनच ते वाचून घ्या.

फवारणीआधी दूध पिणं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून हा उपाय जास्तच पसरला. विष कातडीतून आणि श्वासातून जातं, पोटातल्या दुधाला ते भेटतच नाही. "दूध पेलो, आता काही होत नाही" म्हणून माणूस हातमोजे काढतो, तोंडावरचा दुपट्टा सोडतो, वारा समोरून असताना फवारत राहतो. चक्कर, उलटी, डोळ्याच्या बाहुल्या बारीक, तोंडाला फेस दिसला तर दूध, लिंबू, ताक काही देऊ नका, उलटी करवू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. विषावर उतारा असलेलं अट्रोपिनचं इंजेक्शन तिथेच मिळेल, आणि कोणतं विष होतं हे लेबलवरून कळेल.

बाकीचं भराभर. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतू मरतात, हे प्रयोगात सिद्ध झालंय, तिथे १६ तास ठेवलं होतं. पण त्यात ताक, लिंबूपाणी ठेवू नका, तांबं उतरून मळमळ होते. लिंबू-मधाच्या पाण्यानं चरबी जळत नाही, मोठ्या चमचाभर मधात ६० कॅलरी असतात त्या वेगळ्याच. ग्रीन टीनं वजन उतरलं असं ज्यांना वाटतं त्यांनी बहुतेक त्याच्यासोबतचं बिस्कीट सोडलेलं असतं. गवळाऊ गाईचं दूध चांगलंच, पण त्यात "ए-टू" प्रकारचं प्रथिन आहे म्हणून दुप्पट भाव मोजायला भक्कम पुरावा नाही. डब्यातली चॉकलेटी पावडर "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली ऑनलाइन विकू नका असं केंद्रानं एप्रिल २०२४ मध्येच सांगितलंय, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. मोहफुलं पौष्टिक आहेत, लाडू करा. मोहाची "शुद्ध" आहे म्हणून यकृत तिला सवलत देत नाही, दारूबंदीच्या वर्धा-गडचिरोलीतही नाही.

शेवटी, यादीत नसलेलं पण उन्हाळ्यात दर घरी होतं ते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आजी चमच्यानं पाणी पाजते, गुटी देते, "घसा सुकते बापा त्याचा" म्हणते. आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच असतं, मे महिन्यातही ते पुरतं. वरचं पाणी दिलं की बाळ कमी ओढतं, दूध कमी होतं, आणि पाणी दूषित असलं तर हगवण लागते. आजीला समजवायला तिच्यासमोर लंगोट मोजा. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा बाळ ओलं होत असेल तर त्याला पाणी पुरतंय, आणि तहान आईला लागली असेल, तर तांब्या तिच्या हातात द्या.